टॉप फ्लोअरचं घर तापतंय: एसी किती टनाचा हे नंतर ठरवू, आधी स्लॅब बघा

तुम्ही विचारलंय की धनकवडीत सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर टू बीएचके आहे, बेडरूमला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, घरात 78 वर्षांचे सासरे आहेत, आणि यंदा एसी घ्यायचाच आहे. दीड टनाचा घ्यावा की दोन टनाचा? आणि बिल फार वाढू नये.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य एसीबद्दलचं नाहीच. तुम्ही सहज लिहून गेलात, "रात्री गच्चीवर गेलं की छान वाटतं, खाली आलं की भट्टी." मी वास्तुविशारद आहे. गेली 22 वर्षं पुण्यात माझं बरंचसं काम राहत्या, जुन्या घरांच्या दुरुस्तीचं आहे, आणि हे वाक्य मी दर एप्रिलमध्ये ऐकते. सगळं निदान त्यातच आहे. बाहेरची हवा गार झाली, तुमचं घर झालं नाही. दिवसभर स्लॅबनं शोषलेली उष्णता रात्री तुमच्या अंगावर उतरतेय आणि बाहेरच्या गार हवेला आत यायला वाट नाही. या दोन्ही गोष्टी तशाच ठेवून एसी लावलात, तर तो रोज रात्री आधी स्लॅब गार करत बसेल, मग खोली. दोन टनाचा घेतलात तरी तेच.

काही गोष्टी जागेवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगते. तुम्ही डोंगराच्या बाजूला आहात, संध्याकाळी पश्चिमेचा वारा तुमच्याकडे येत असणार. मगरपट्टा किंवा वडगाव शेरी भागात एप्रिलमधलं रात्रीचं तापमान पाषाण-शिवाजीनगरपेक्षा पुष्कळदा चार-पाच अंशांनी जास्त असतं, तिथे रात्रीच्या हवेवर इतकं विसंबता येत नाही. तुमच्या गच्चीवर नुसता स्लॅब आहे, ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर आहे, की चायना मोझॅक म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावरही बरंच ठरतं. आणि गच्ची सोसायटीची असते, तिथे काहीही करायचं तर कमिटीची लेखी परवानगी लागेल. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच द्या.

आता स्लॅबकडे येते. लोक पश्चिमेच्या भिंतीला फार दोष देतात, पण वरच्या मजल्यावर खरा भार छताचा असतो. पुण्यात 13 मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही आणि आडव्या गच्चीवर सगळ्यात जास्त पडतं. करड्या सिमेंटचा पृष्ठभाग दुपारी 60 अंशांपर्यंत जातो. ही उष्णता पाच-सहा इंचांच्या काँक्रीटमधून हळूहळू खाली झिरपते. नुसता स्लॅब असेल तर ती संध्याकाळी सहा-सातला आतल्या बाजूला पोचते. वर कोब्याचा थर असेल तर थोडी कमी पोचते, पण आणखी उशिरा. म्हणजे तुम्ही जेवून आडवे होता, नेमकी तेव्हा.

मागे बिबवेवाडीत एका घरी गेले होते. रात्री साडेनऊची वेळ. घरातले आजोबा म्हणाले, "पंखा लावला की गरम हवा खाली ढकलतो, बंद केला की जीव घाबरा होतो." मी स्टुलावर चढून छताला तळहात टेकवला. तव्यावरून उतरवून थोडा वेळ ठेवलेल्या भाकरीइतकं ते गरम होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर 41 अंश. साधा थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेले, बाहेरची हवा 27. पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली असतात, तो छताला लागून तापलेली हवाच खाली आणतो. शिवाय तापलेल्या छताची धग थेट अंगावर येते. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला झळ लागते ना, तशीच. ती लागायला हवेची गरज नसते. खोलीतल्या हवेचं तापमान 31 असलं तरी माणसाला त्याहून जास्त असल्यासारखं वाटतं ते यामुळे.

आकड्यात सांगायचं तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर उघडा स्लॅब असेल तर भर तापाच्या वेळी त्यातून साधारण पाऊण किलोवॅट उष्णता आत येते. पाऊण किलोवॅटचा हीटर छताला टांगल्यासारखंच ते आहे. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची पाचवा हिस्सा ताकद नुसती छतापायी जाते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. करडं सिमेंट उन्हाचा साधारण तिसरा हिस्सा परत फेकतं. नवा चांगला पांढरा थर 80 टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी छतासाठीचं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग मिळतं. डब्यावर एसआरआय नावाचा आकडा बघा, थर उन्हात किती कमी तापतो ते तो सांगतो; तो 100च्या आसपास हवा. भिंतीचा साधा पांढरा रंग गच्चीला लावू नका, पहिल्याच पावसात पोपडे निघतात. पैसे कमी असतील तर चुन्याची सफेदी करा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं चिकटण्यासाठीचं ॲडहेसिव्ह घालायचं आणि दोन हात मारायचे. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, चुन्यानं डोळ्याला गंभीर इजा होते. सफेदी एखाद-दुसरा पावसाळा टिकते. कोटिंग बरीच वर्षं टिकतं. दोन्हींवर पावसाळ्यात काळं शेवाळ धरतं, ते फेब्रुवारीत घासून धुतलं नाही तर निम्मा फायदा जातो. हे काम मी नेहमी होळीच्या आधी करायला सांगते. तुम्ही आता करत असाल तर सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करा, तापलेल्या काँक्रीटवर थर नीट धरत नाही.

त्याआधी गच्चीला कुठे भेग असेल, पाणी मुरत असेल, तर ते दुरुस्त करून घ्या. एका घरी मी घाईत उलट केलं होतं. छताखाली जिप्सम सीलिंग आणि आत रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारा खनिज लोकरीचा थर, घातलं, वरचं वॉटरप्रूफिंग तसंच राहिलं. उन्हाळा बरा गेला. जुलैत पाणी रॉकवूलमध्ये मुरत राहिलं आणि सीलिंगला फुगा आला तेव्हा कळलं. तेव्हापासून छताचं काम वरून खाली, हा क्रम मी सोडलेला नाही. फॉल्स सीलिंगनं धग अडते हे खरं, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. सोसायटी गच्चीवर हातच लावू देत नसेल, तेव्हाच मी सीलिंगचा विचार करते.

पांढऱ्या थराच्या पुढची पायरी म्हणजे गच्चीवर सावली. आपल्या वाड्यांमध्ये कौलांखाली माळा असायचा. त्यात अडगळ ठेवायचे, पण त्याचं मोठं काम होतं उष्णता अडवण्याचं. कौलं तापायची, माळ्यातली हवा तापायची, फटींतून निघून जायची आणि खाली माजघर गार राहायचं. फ्लॅटवर तसंच काही करायचं तर पाइपांच्या चौकटीवर शेडनेट बांधता येते. स्लॅबपासून किमान सहा-सात फूट वर, म्हणजे खालून वारा खेळतो आणि माणूस वाकल्याशिवाय फिरतो. नेट नुसती गच्चीवर अंथरून उपयोग नाही. आणि बांधणी अशी हवी की वळवाच्या वादळात उडून कुणाच्या गाडीवर जाऊ नये. मे महिन्यात हे प्रकार पुण्यात होतात. सोसायटी सौर पॅनेलचा विचार करत असेल तर त्यांना जरूर पाठिंबा द्या. वीज तर मिळेलच, पॅनेलखालच्या गच्चीला सावलीही मिळेल, आणि ती गच्ची नेमकी तुमच्या डोक्यावरची आहे.

गच्चीवर पाणी मारण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. पाण्याचा गुण मोठा आहे: एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना सुमारे 0.65 युनिट विजेइतकी उष्णता ते घेऊन जातं. पण उन्हाळ्यात सोसायट्यांत टँकर येत असताना गच्चीवर पिण्याचं पाणी ओतायला मी सांगणार नाही. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी साठवा आणि सूर्य मावळल्यावर गच्चीवर शिंपडा. बदाबदा ओतून ते पन्हळीतून वाहून जाण्यापेक्षा पातळ थर वाळू देणं जास्त कामाचं. जुनी गोणपाटं पसरून ती ओली ठेवलीत तर आणखी चांगलं, मात्र भेगा नसतील तरच.

आता पश्चिमेची खिडकी. तुम्ही आतून जाड पडदा लावलाय. पडद्यानं उजेड अडला, पण ऊन काचेतून आत येऊनच पडद्यावर पडलं. पडदा तापला, आणि ती उष्णता आता खोलीतच आहे. संध्याकाळी पाच वाजता पडदा आणि काच यांच्या मध्ये हात घालून बघा, लगेच लक्षात येईल. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. बांबूच्या पट्ट्यांची चिक बाहेरून सोडा, किंवा ग्रिलला बाहेरून 75 टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणून बांधा. पश्चिमेचं ऊन तिरपं, कमी उंचीवरून येतं, त्यामुळे खिडकीवरचा छोटा छज्जा त्याला अडवत नाही. उभा आडोसाच लागतो. चिक दुपारी दोनला सोडायची, सूर्य मावळला की गुंडाळायची. ती गुंडाळणं विसरू नका, कारण तुमचा वारा त्याच बाजूनं येतो.

वाऱ्यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण पुण्यातली ही सगळ्यात मोठी देणगी बहुतेक घरं वापरतच नाहीत. मुंबईत एप्रिलच्या रात्री हवा फारशी उतरत नाही. पुण्यात दिवसा 38-39 असताना पहाटे 21-22 होतं, सोळा-सतरा अंशांचा फरक. 28 एप्रिल 2019 रोजी शिवाजीनगरला 43 अंश नोंदले गेले, तसे दिवस येतात, पण अशा दिवसांतही पहाटेची हवा घरातल्या हवेपेक्षा गार असते. आणि आपण करतो काय, तर दिवसा "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघड्या ठेवून 38 अंशांच्या झळा आत घेतो आणि रात्री डासांच्या भीतीनं सगळं लावून घेतो.

दोन साधे थर्मामीटर आणा. एक बाहेर बाल्कनीत सावलीत लावा, एक हॉलमध्ये. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की खिडक्या उघडायच्या, वर गेला की लावायच्या. तुमच्याकडे हे साधारण संध्याकाळी साडेसात-आठ आणि सकाळी साडेआठ-नऊला होईल. चार दिवस आकडे लिहून ठेवलेत तर पुढे घड्याळाकडे बघूनही जमेल. डासांसाठी प्रत्येक खिडकीला जाळी हवीच. सरकत्या खिडक्यांची अडचण ही की त्या निम्म्याच उघडतात, म्हणून हवा समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून खेळेल असं बघा: पश्चिमेची बेडरूमची उघडी, बेडरूमचं दार अडकवून उघडं, आणि पूर्वेला किचनची उघडी. वारा पडलेला असेल तर किचनचा एक्झॉस्ट फॅन रात्री दोन तास चालवा. तो गरम हवा ओढून बाहेर टाकतो आणि दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. अशानं भिंती आणि फरशी पहाटेपर्यंत निवतात. निवलेली भिंत दुसऱ्या दिवशी दुपारी एक-दीडपर्यंत तुम्हाला सांभाळते.

एवढं झालं की यंत्रांकडे वळायचं. आधी पंखे. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा 30च्या आसपास. तीन पंखे रोज 14 तास चालले तर जुने 3.15 युनिट खातात, नवे 1.26. महिन्याला जवळपास 57 युनिट वाचतात, आणि आपल्याकडे वापर 300 युनिटच्या पुढे गेला की पुढच्या युनिटांचा दर चढा लागतो, त्यामुळे वाचतात ती बहुधा महागातलीच युनिटं असतात. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. खोलीत माणूसच नसेल तर मोटरची उष्णता तेवढी खोलीत जाते.

कूलरबद्दल पुण्यात दोन टोकाची मतं ऐकू येतात, आणि दोन्ही आपापल्या महिन्यात खरी आहेत. मार्च-एप्रिलची दुपार कोरडी असते. बाहेर 38 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर चांगला कूलर 26-27ची हवा देतो, तीही शे-दोनशे वॅटमध्ये. मेच्या उत्तरार्धात हवा दमट झाली की तोच कूलर फार तर 29ची ओली हवा देतो आणि चादरी चिकट होतात. कूलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर असा हवा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. बंद खोलीत मध्यभागी ठेवलेला कूलर अर्ध्या तासात निरुपयोगी होतो. त्यात आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, क्षारांनी जाळ्या चोंदतात. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूच्या डासांना ती घरच होते.

आणि आता एसी. सासऱ्यांचं वय बघता तो घेऊ नका असं मी म्हणणार नाही, घ्याच. पण एकाच खोलीत, त्यांची आणि तुमची सोय होईल अशा, आणि गच्ची पांढरी झाल्यावर. बिबवेवाडीच्या त्या घरी गच्चीवर कोटिंग आणि पश्चिमेला चिक एवढंच केलं. पुढच्या मे महिन्यात त्याच वेळी छताचा आकडा 34-35 आला. तिथे दीड टनाची चौकशी चालू होती, एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरला. तुमची बेडरूम 120-130 चौरस फुटांची असेल तर तुम्हालाही तोच पुरेल असा माझा अंदाज आहे. दोन टनाचा तर नकोच. गरजेपेक्षा मोठा एसी हवा पटकन गार करतो, पण दमटपणा नीट काढत नाही, आणि खोली गार असूनही कोंदट वाटते.

जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे रूम एसी 24 अंशांच्या सेटिंगवर सुरू होतात. तुम्ही 27 ठेवा आणि पंखा मंद चालवा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, आणि पंख्याच्या वाऱ्यानं 27 हे 25सारखं वाटतं. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगू देऊ नका. बसवायला येणाऱ्याला ती जागा सोपी पडते, म्हणून तुम्हीच आग्रह धरा. पूर्वेच्या बाजूला किंवा सावलीत, समोर हवा मोकळी सुटेल असं. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा.

लगेच करायचं ते असं लावा: गच्चीचा अर्ज, थर्मामीटर आणि खिडक्यांचं वेळापत्रक आजपासून, चिक या आठवड्यात, सफेदी या महिन्यात, मग पंखे, आणि एसी सगळ्यात शेवटी. फ्रिज भिंतीला चिकटलेला असेल तर तोही आजच चार-सहा इंच पुढे ओढा.

सासऱ्यांबद्दल मात्र या क्रमाची वाट बघू नका. वय झाल्यावर तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, त्यामुळे उकाडा बाधतोय हे त्यांना स्वतःला उशिरा कळतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तिच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. खोलीतला आकडा 35च्या वर गेला तर त्यांच्यासाठी नुसता पंखा पुरेसा नाही. ओल्या पंच्यानं अंग पुसणं, आणि छताखालची खोली सोडून दुपारपुरतं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बसणं, हे मी माझ्या वडिलांसाठी दोन उन्हाळे केलंय. गोंधळल्यासारखं बोलू लागले किंवा अंग तापून कोरडं पडलं तर लगेच दवाखाना गाठा.

चार दिवसांचे दोन्ही थर्मामीटरचे आकडे, खोलीचं माप आणि गच्चीवर काय आहे हे कळवलंत, तर टनाचं गणित नेमकं करून देते.